पगार सोडून काहीही मागा

आमच्या केंद्रात माणसं अकरा आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रं दोन. दोन्ही यंत्रं एकाच घराण्याच्या फाउंडेशनने दिलेली, दोन्हींवर त्यांच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी. पहिलं मी मागितलं नव्हतं. दुसरं तर नको म्हणून लेखी कळवलं होतं. मी मागत होते अक्काचा पगार.

केंद्र म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यामागच्या दोन खोल्या. तिथं दिवसभर म्हातारी माणसं बसतात. कुणाला घर आठवत नाही, कुणाला मुलं, कुणाला स्वतःचं नाव. घरचे सकाळी सोडतात आणि कामावरून परतताना घेऊन जातात. भाडं, अर्ज, औषधांच्या वेळा आणि घरच्यांची कुरकुर मी सांभाळते. माणसांना सांभाळते ती अक्का.

मास्तरांचंच घ्या. पस्तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस, आता चमचा जवळ नेला की ओठ घट्ट मिटून घेतो. बायकोने भरवलं तरी नाही, मी भरवलं तर मुळीच नाही. अक्का शेजारी बसते, आधी स्वतः एक घास खाते, काहीबाही बोलत राहते आणि बघता बघता वाटी रिकामी होते. यात जादू वगैरे काही नाही. सहा वर्षं रोज ती त्यांच्याशेजारी बसली आहे, एवढंच. पण मी जे देते त्यात तिच्या मुलीची फीसुद्धा भागत नव्हती. "ताई, वर्षअखेरपर्यंत कळ काढते," ती म्हणाली होती. "पुढे मला दुसरं काहीतरी बघावंच लागेल."

म्हणून मी तिसऱ्या वर्षीही फाउंडेशनच्या कचेरीत खेटे घालत होते. तिथले व्यवस्थापक बोलायला अगदी गोड. चहा पाजल्याशिवाय नकार देत नाहीत.

"पगाराला आमची फॅमिली देत नाही, ताई. वस्तूला देते. वस्तू दिसते."

"अक्काही दिसते की. चांगली ठसठशीत आहे."

"तिच्यावर पाटी कुठं लावणार?" असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले.

मीही हसले. अनुदान मागणाऱ्याला दात काढावेच लागतात. पण त्यांना बहुतेक माझी दया आली असावी, कारण दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "‘पगार’ हा शब्दच लिहू नका. ‘स्मृतिसंवाद उपक्रम’ लिहा. अक्का त्याची समन्वयक. मानधन उपक्रमाच्या खर्चात बसून जाईल."

दहा दिवस डोकं खाजवून मी बावीस पानं लिहिली. अक्का केस विंचरून देते, तो ‘स्पर्शाधारित संवाद’. मास्तरांना भरवते, ती ‘आहार-सहभागिता’. अक्काला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "ही बाई कोण आहे? आपल्याकडे आणा की तिला. माझं काम हलकं होईल."

अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला आणि घराण्यातली थोरली मुलगी स्वतः केंद्र बघायला आली. शेवटचा शब्द तिचाच असतो. मॅडम दोन तास बसल्या. फोन पर्समध्ये ठेवून बसल्या, हे मला विशेष वाटलं. त्यांची नजर अक्कावरून हलत नव्हती. मला काय, चेवच चढला. अक्काचा हात किती हलका आहे, सहा वर्षांत ती एकदाही कुणावर ओरडलेली नाही, हट्टी माणूसही तिच्या हातून कसा जेवतो, सगळं सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "रात्रीची झोप नसेल, तर अशा माणसांना कसं आवरतात?" मी म्हटलं, "अक्काला विचारा ना!" आणि दोघींना एकत्र सोडून चहा करायला गेले. आपल्याच पायावर धोंडा कसा मारून घ्यावा, हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं.

चौथ्या दिवशी अक्का माझ्यासमोर उभी राहिली. वर बघेना.

"मॅडमच्या आईलाही हाच आजार आहे, ताई. घरी बोलावलंय. तिप्पट देतात."

मला ओरडायचं होतं. पण कुणावर? तिला मी तीन वर्षं फक्त आशा दाखवली होती. "जा," म्हटलं. ती रडली आणि मी रडले नाही, कारण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मास्तरांनी पहिल्या दिवशी जेवण नाकारलं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातातली वाटी उडवली. जाहिरात देऊन दोन बायका आणल्या. एक दुपारीच पळाली, दुसरी भरवताना त्यांचं नाक दाबायला लागली, तिला मीच हाकललं. दोन आठवड्यांत मास्तरांच्या कमरेवर पॅन्ट राहीना. त्यांच्या बायकोने पट्ट्याला नवीन भोक पाडून आणलं.

त्याच सुमाराला व्यवस्थापक अंतिम पाहणीला आले. हातात छापील तक्ता. ‘समन्वयक उपस्थित आहेत का?’ या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"तुम्हाला माहीत आहे ती कुठं आहे," मी म्हटलं.

"मला माहीत आहे, ताई. पण तक्त्यात तसा रकाना नाही." आणि त्यांनी ‘नाही’वर खूण केली.

आठवड्याने पत्र आलं. जाड, गुळगुळीत कागद. संस्थेकडे अनुभवी व कायमस्वरूपी कर्मचारी नसल्याने उपक्रमास अनुदान देता येत नाही, पुढील वर्षी जरूर अर्ज करावा. खाली मॅडमची सही.

मी पत्र दोनदा वाचलं. मग मास्तरांना बूट घातले, रिक्षात बसवलं आणि जेवणाच्या वेळेला थेट मॅडमच्या बंगल्याची घंटा वाजवली. दार नोकराने उघडलं. आम्ही आत शिरलो तरी तो बघतच राहिला.

बारा खुर्च्यांचं टेबल. एका टोकाला मॅडमची आई, शेजारी हातात चमचा घेतलेली अक्का. मास्तरांना पाहून तिने काही न विचारता दुसरी खुर्ची ओढली, वाटीतला एक घास स्वतः खाल्ला आणि पुढचा त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी तोंड उघडलं. एक घास, दोन घास.

आवाज ऐकून मॅडम जिन्यावरून खाली आल्या. "हे काय चाललंय? हे असं चालणार नाही."

"नाहीच चालणार," मी म्हटलं. "आणखी दहा जण आहेत."

त्या काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या आईने अक्काची बाही ओढली आणि मॅडमकडे बोट दाखवलं. "अगं, या बाई कधीच्या उभ्या आहेत. कोण आहेत या? त्यांना बसायला सांग."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या आईसमोरच्या खुर्चीवर हळूच बसल्या, पाहुण्यासारख्या. मला त्यांची कीव आली, अगदी मनापासून आली. पण मास्तर पाच किलोंनी उतरले होते. मी पत्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"तुम्ही सही केलीत, पण वाचलंत का?" मी विचारलं. "आता वाचा. अनुभवी कर्मचारी नाहीत, असं लिहिलंय. अक्कासमोर मोठ्याने वाचा."

मॅडमनी कागद उचलला. अक्काने मान वर केली नाही, ती मास्तरांना भरवत राहिली.