कमलाबाईंची फाइल

परदेशातल्या, बेडोकच्या फ्लॅटमध्ये कमलाबाई लेकाची फाइल लावत बसल्या होत्या. घरात आलेला कागद टाकायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. उज्ज्वलच्या बालवाडीच्या प्रगतिपुस्तकापासून सगळं त्यात होतं आणि पदवीच्या सर्टिफिकेटामागे कोर्टाचा कागदही होता. एकविसाव्या वर्षी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, त्याने एकाला ठोसा मारला होता, त्याबद्दल झालेल्या दंडाचा.

आज पाया लेबार भागातल्या एका कंपनीचा नोकरीचा फॉर्म भरायचा होता. ‘गुन्ह्याची नोंद आहे का?’ या प्रश्नापाशी उज्ज्वल अडला.

“‘हो’ लिहितो, आई. ते चौकशी करणारच.”

“मागे दोनदा ‘हो’ लिहिलंस, दोन्ही नोकऱ्या हुकल्या. परवा पोलिसांकडे विचारून आलास ना?”

“आलो. पाच वर्षं सरळ वागलो म्हणून नोंद आपोआप रद्द झालीय. आता ‘नाही’ लिहिलं तरी कायद्याने ते खोटं ठरत नाही.”

“मग सरकारने सोडलं, तू कशाला उराशी धरून बसलायस?”

“मी? आणि फाइलमध्ये तो कागद कोणी जपलाय गं?”

कमलाबाईंनी फाइल पुढे ओढली. दोन्ही मुलाखतींना हीच फाइल, त्या कागदासकट, त्यांनी हौसेने लावून दिली होती.

त्यांनी कागद बाहेर काढला. खाली पोराची घाबरलेली, वाकडी सही होती. तिच्यावरून बोट फिरवून त्यांनी कागदाचे चार तुकडे केले.

“लिही ‘नाही’,” त्या म्हणाल्या, “आणि सही जरा सरळ कर.”