एकोडीच्या गोल पटाशीची कैफियत

मी एक जुनी पटाशी आहे, मित्रांनो. सध्या एकोडीतल्या एका अंगणात खुरप्याच्या हुद्द्यावर आहे. गवत काढते. तक्रार नाही, गवताला धार लागत नाही आणि मला आता ती उरलेली नाही.

माझा जन्म एकाहत्तर सालचा. ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यातून कारध्याच्या लोहाराने मला ठोकून काढलं. तोंड नखासारखं गोल, कारण मी लाकूड फिरवून कातणाऱ्याची पटाशी. सुताराची सरळ पटाशी माझी लांबची बहीण. माझा मालक डोमा. खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे कातायचा. बिजाच्या झाडाचं लाकूड हट्टी, हळदूचं गुणी. सांगाल तसं वळतं. कातून झालं की फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायची. लाख वितळून चढे आणि वर केवड्याचं पान घासलं की पाय असा चमके, की त्यावर खाट ठेवायला लोक कचरत.

आमचा खराद, म्हणजे लाकूड फिरवायचं यंत्र, साधा होता. दोन खुंट, त्यांना लोखंडी टोकं, मधे अडकवलेलं लाकूड आणि लाकडाला दोन वेढे दिलेला दोर. समोर बसून दोर ओढायची डोमाची बायको, मालनबाई. ती उजवं टोक ओढी, लाकूड माझ्याकडे फिरे, मी कातत असे. ती डावं टोक ओढी, लाकूड उलटं फिरे, डोमा मला उचलून धरी. कात, उचल. कात, उचल. बारा वर्षं. कौतुक झालं ते डोमाच्या हाताचं, थोडंफार माझं. दोराच्या त्या टोकाचं कौतुक करायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

त्र्याऐंशी साली मालनबाईला धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय, दोर ओढणं बंद. शेजारच्या ताराचंदने दोन दिवस दोर ओढून पाहिला. तिसऱ्या दिवसापासून तो आमच्या दारावरून जाणंच टाळू लागला. चौथ्या दिवशी मालनबाई पुन्हा दोराशी.

"उठ वो तेथून!" डोमा ओरडला.

"मंग कोण ओढन? तुमचा ताराचंद?"

तेवढ्यात कळलं, की तालुक्याच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात कातकाम शिकवणारा माणूस हवा आहे. तिथला खराद विजेवर चालतो. डोमाने मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं. मालनबाईही हट्टाने सोबत आली आणि केंद्राच्या खिडकीबाहेर बसली.

परीक्षा घेणारे वासुदेवराव भला माणूस. त्यांनी यंत्राचे भाग दाखवून नावं विचारली.

"नावं नाही माहीत, साहेब. हे फिरवते, ते धरते, अन् हे मले टेकू देते."

"पुस्तकात याला तीन पानं लागली," वासुदेवराव म्हणाले. "पास. आता खाटेचा पाय कात."

मोटार घुमली. हळदूचा ठोकळा माझ्याकडे धावत आला आणि धावतच राहिला. एकाच दिशेने! मी टेकले. डोमाने मला उचललं. टेकवलं. उचललं. लाकडावर लाटाच लाटा उठल्या.

"अरे डोमा, उचलून काहून राहिला? कात ना सरळ!"

"मी उचलून नाही राहिलो, साहेब."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. दुसऱ्या ठोकळ्यावर त्याने मला इतकं दाबलं, की लाकूड सुटून भिंतीवर आदळलं. वासुदेवरावांनी स्वतः तिसरा ठोकळा लावून दिला. डोमाच्या घामाने माझा दांडा ओला झाला. पण या वेळी मी उचलले गेले नाही. अर्धा पाय आरशासारखा उतरला. वासुदेवराव हसून पुढे वाकले.

खिडकीबाहेर मालनबाई खोकली.

हात उचलला गेला. मग पुन्हा. मग लाटाच. डोमाने स्वतःच बटण बंद केलं.

घरी आल्यावर मालनबाई सवयीने दोराशी जाऊन बसली. "बसा जी. पाळण्याचे दांडे राहिले आहेत."

डोमाने मला उचललं आणि दोरावर ठेवलं. बारा वर्षांत मी इतकं मऊ काही कापलं नव्हतं. चार तुकडे झाले.

"आता?" तिने विचारलं.

"आता काही नाही. तू दम घे."

तो धान कापायला जाऊ लागला. विळा मारतो आणि हात वर उचलून क्षणभर थांबतो. बाया हसतात, "डोमाभाऊ, कोणाची वाट पाहून राहिले?" तो धानाची पुढची मूठ धरतो. घरी मालनबाई मला हातात घेऊन दोन मुठी गवत काढते, थांबते, श्वास घेते.

मित्रांनो, हत्याराला तेल लावा, गंजू देऊ नका, हे मी सांगायला हवं. सांगितलं. पण माझा गंज दगडावर घासला तर अजूनही जाईल, मालनबाईची धाप जाणार नाही. तुमच्या घरी दोर कोण ओढतं, ते एकदा काम थांबवून बघा. आम्ही बघितलं तेव्हा बारा वर्षं झाली होती.