डोकं वरच्या अंगाला

त्या हिवाळ्यात नेटास नदीत मासा नव्हता, आणि मासा का नाही हे सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. डेल्माच्या हॉटेलात सकाळी काउंटरला टेकलेला जो तो तज्ज्ञ. एक म्हणे समुद्र तापला. दुसरा म्हणे नदीच्या मुखाशी ठाण मांडून बसलेल्या समुद्रसिंहांनी सगळं फस्त केलं. तिसऱ्याच्या मते डोंगरावरची झाडं तोडली तेव्हाच ही नदी मेली होती, आपल्याला बातमी उशिरा लागली एवढंच. डेल्मा सगळ्यांच्या कपात कॉफी ओतत म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." ती जन्मात कधी गळ टाकायला गेली नव्हती, म्हणून तिला असलं बोलणं परवडायचं.

माझे बाबा, हॅल्वर, या गप्पांत पडत नसत. ते खिडकीतून पाण्याकडे बघत बसायचे आणि कॉफी गार करायचे.

त्यांचा जीव माशाच्या एका मादीत अडकला होता. नदीच्या वरच्या अंगाला मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे एक योजना चालते. समुद्रातून वर येणारा रानटी स्टीलहेड मासा आम्ही गळाला लावायचा, मारायचा नाही, जिवंत ठेवायचा आणि केंद्राच्या गाडीत द्यायचा. केंद्रात त्यांची अंडी उबवायची आणि पिल्लं पुन्हा याच नदीत सोडायची. ही योजना बाबांनी तरुणपणी मत्स्य खात्याशी भांडभांडून सुरू करवली होती. आता खात्याने कळवलं होतं की या हंगामात अंडी मिळाली नाहीत तर योजना कायमची बंद. नर मिळाले होते, ते केंद्राच्या टाकीत गोल गोल फिरत होते. मादी एकही नव्हती, आणि हंगाम संपत आला होता.

बाबांचा खांदा गेल्यापासून होडी मी वल्हवायचे. डिसेंबरभर पाऊस नव्हता, तळाचा गोटान् गोटा मोजून घ्यावा इतकं नितळ पाणी. अशा पाण्यात मासा आला तरी सावलीला भिऊन पळतो. मग जानेवारीत आभाळ फाटलं आणि नदी कॉफीसारखी तांबडी होऊन झाडं वाहून न्यायला लागली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्याकडे पुराचं रूप घेऊन आला. आम्ही तरीही जायचो. बोटं बधिर व्हायची, गळाचा दोर काठीच्या कडीत गोठायचा, आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी येऊन आम्ही एकमेकांवर डाफरायचो.

बाबा त्या हिवाळ्यात काहीबाही विसरायला लागले होते. एकदा गळ न बांधताच नुसता तरंगता फ्लोट पाण्यात सोडून अर्धी सकाळ बसले. एकदा मला आईच्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, "बाबा, मी इंगर." तर म्हणाले, "मग मी काय म्हटलं?" मला वाटलं, मासा न मिळालेल्या माणसाचं डोकं असंच होतं. माझंही झालंच होतं. त्या मेल्या नदीचा मला इतका राग यायचा की वल्हं पाण्यात आपटावंसं वाटायचं.

शेवटी फेब्रुवारी सरता सरता पाणी उतरलं, हिरवंगार झालं. हवं तसं. वरच्या धक्क्याचा रस्ता दरड कोसळून बंद होता, म्हणून आम्ही होडी खालच्या धक्क्याला काढायचं ठरवून निघालो. खालचा धक्का खाडीजवळचा. त्याच्या जरा वर शेवटचा खळाळता उतार आहे, आणि तिथे कमरेइतक्या पाण्यात रॉस्को उभा होता.

रॉस्को आणि बाबा एका शाळेतले. पण वीसेक वर्षं दोघांचं पटत नव्हतं ते याच योजनेवरून. रॉस्को एकूण एक मासा सोडून द्यायचा. त्याचं म्हणणं, रानातलं पोर घरात आणून वाढवलं की ते रानाचं राहत नाही. बाबांना तो चारचौघांत "दाई" म्हणायचा.

आम्ही जवळ आलो आणि त्याची गळाची काठी वाकली.

मी होडी थांबवली. रॉस्कोने मासा खेळवत खेळवत काठाशी आणला, जाळीत घेतला. बाबा होडीत उभे राहिले. लांबूनही दिसत होतं, रुपेरी अंग, भरलेलं पोट, आणि शेपटीजवळचा पाठीवरचा बारका पर शाबूत. केंद्रात वाढलेल्या माशाचा तो पर कापलेला असतो. ही रानटी होती, आणि मादी होती.

बाबा पाण्यात उतरले आणि त्याच्यापाशी गेले. "पाणी बरं आहे आज," ते म्हणाले.

"बरं आहे," रॉस्को म्हणाला. मादी त्याने जाळीत पाण्याखालीच धरली होती.

"थंडी पण कमी आहे."

"हॅल्वर, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? माग की."

बाबांनी जाळीच्या कडेला हात लावला. मग म्हणाले, "दे मला. एवढी एकच दे."

रॉस्कोने मादीकडे पाहिलं. मला वाटलं आता हा जाळी उलटी करणार आणि वर दोन शब्द ऐकवणार. तो म्हणाला, "अख्ख्या हिवाळ्यात मी एक मासा पाहिला नाही. ही पहिली. सोडली तर वर जाईल, आणि वर तिची वाट बघणारं कोण आहे? एकटी जाऊन काय करणार ती?" त्याने जाळी पुढे केली. "ने. पण दाईबाई, बाळंतपण नीट कर."

आमच्याकडे माशासाठी काळा जाड पाइप असतो, बाजूंनी भोकं पाडलेला, दोन्ही तोंडांना झाकणं. आत मासा ठेवून पाइप वाहत्या पाण्यात बांधायचा. नदीवरच्या प्रत्येकाला तो बांधायला बाबांनीच शिकवलं. डोकं वरच्या अंगाला, शेपूट खाली. पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर गेलं पाहिजे. उलटं झालं तर मासा पाण्यातच गुदमरून मरतो. आणि खालच्या धक्क्याला आणखी एक गोष्ट. भरती लागली की तिथे पाणी उलटं फिरतं, समुद्राकडून वर चढतं. तेव्हा पाइपही फिरवावा लागतो. भरतीच्या वेळा बाबांना तोंडपाठ. लहानपणी आम्ही जेवायला कधी बसायचं तेही त्या वेळांवर ठरायचं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. बाबांनी स्वतः पाइप बांधला, डोकं वरच्या अंगाला. तिथे फोन लागत नाही. केंद्रातल्या लाइलला बोलवायला खिंडीपर्यंत जावं लागणार होतं, आणि दरडीमुळे त्याला आडरस्त्याने घेऊन यावं लागणार होतं.

"बाबा, भरतीचं काय?" मी सकाळीच तिथे आणून ठेवलेल्या गाडीत बसता बसता विचारलं.

"आता तू मला भरती शिकव," ते म्हणाले. "जा. मी इथून हलत नाही."

मी गेले. लाइलला फोन लागला, तो गाडी घेऊन निघाला, पण आडरस्त्यावर एक झाड आडवं पडलं होतं. ते ओढून बाजूला करण्यात आमचा वेळ गेला. लाइल सारखा हसत होता. "मादी," तो म्हणायचा, "इंगर, अखेर मादी." मीही हसत होते. कधी नव्हे ते मला त्या नदीवर प्रेम आलं होतं.

धक्क्यावर आलो तर बाबा मांडीपर्यंत पाण्यात उभे, वाकून, दोन्ही हातांनी पाइप धरून. ओठ निळे पडले होते. त्यांच्या गुडघ्यांजवळून पांढरा फेस आणि एक वाळकं पान सावकाश चाललं होतं. वरच्या अंगाला. डोंगराकडे.

भरती कधीच लागली होती.

"डोकं वरच आहे बघ," बाबा म्हणाले. "पाइप फिरायला बघत होता सारखा. मी फिरू दिला नाही. घट्ट धरून ठेवला."

मी त्या पानाकडे बघत राहिले. नदी सगळा वेळ पाइप फिरवायला सांगत होती, आणि ज्या माणसाने आम्हाला ती गोष्ट शिकवली तो सगळा जोर लावून तिला अडवत होता.

लाइल पाण्यात उतरला. त्याने झाकण बोटभर उघडलं, आत पाहिलं, आणि लावून टाकलं. मला त्याचा चेहरा दिसला. बाबांना त्याची पाठ दिसत होती.

"कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"चांगली आहे, हॅल्वर."

"फार शांत आहे. एवढी शांत मादी मी बघितली नव्हती."

"हो," लाइल म्हणाला. "शांत आहे."

त्याने पाइप तसाच उचलून गाडीवरच्या टाकीत ठेवला, माझ्याकडे न बघता गाडीत बसला आणि निघून गेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत बाबा तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "चल, डेल्माकडे ॲपल पाय खाऊ." तिथे त्यांनी तो मागवला, आणि अर्धा ठेवून दिला. मला वाटलं थंडीने भूक मेली असेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांना सांगायचं कसं? लाइलने थाप मारली तिचा राग येत होता, आणि ती माझ्या आधी त्याला सुचली म्हणून त्याचे पाय धरावेसे वाटत होते. दुसऱ्या दिवशी मी रॉस्कोच्या घरी गेले. ज्याने दिली त्याला तरी खरं कळायला हवं होतं. तो ओट्यावर गळाच्या दोराचं चाक पुसत बसला होता. मी सगळं सांगितलं, फेसासकट.

त्याने चाक पुसून खाली ठेवलं. "वर गेली असती तर एकटी का होईना, जगली असती," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "त्याला ठाऊक आहे?"

"नाही. आणि त्यांच्या डोक्याचं काहीतरी झालंय, रॉस्को. मला आत्ता कळतंय."

"हं," तो म्हणाला, आणि उठून घरात गेला. मला वाटलं, संपलं. आता हा गावभर करणार.

सकाळी डेल्माकडे तो आपणहून बाबांच्या शेजारी येऊन बसला. वीस वर्षांत पहिल्यांदा. "काय दाईबाई," तो म्हणाला, "आमची पोरगी बरी आहे ना तुमच्या दवाखान्यात?"

बाबांनी कपात बघत सांगितलं, "बरी आहे."

मग ते रोजचंच झालं. रॉस्को विचारायचा, पोरगी खातेपिते का, रडते का. बाबा सांगायचे, बरी आहे, अंडी पिकताहेत. मी समोर बसून टोस्ट चिवडायचे.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी लाइल टाकीतले नर घेऊन खालच्या धक्क्यावर आला. योजना बंद झाली होती, नर नदीत सोडून द्यायचे होते. बाबांना त्याने सांगितलं, "यांचं काम झालं, हॅल्वर. घरी जाऊ दे त्यांना." टाकीवर हवेचा पंप लावलेला होता. त्याची घरघर इतकी मोठी की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं.

बाबा पाण्यात उतरले. लाइलने पहिला नर त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याला पाण्याखाली धरलं आणि थांबले. मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, पाणी कुठल्या बाजूला जातंय, ते तू सांग."

मी सांगितलं. त्यांनी माशाचं तोंड फिरवलं, आणि तो शेपटीचा फटकारा मारून गेला. प्रत्येक माशाला त्यांनी मला विचारलं. मी प्रत्येक वेळी सांगितलं.

लाइलने पंप बंद केला आणि गाडी नेली. एकदम शांत झालं. बाबा धक्क्याच्या पायरीवर बसून बुटातलं पाणी काढत होते.

"त्या दिवशी हा पंप लावला नव्हता त्याने," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"जिवंत मासा टाकीत ठेवायच्या आधी पंप लावतात. मीच शिकवलंय लाइलला. मी ऐकत उभा होतो, आत्ता लावेल, मग लावेल. गाडी वळणावरून गेली तरी आवाज नाही." त्यांनी दुसरा बूट काढला. "मग मी पाण्याकडे पाहिलं."

"बाबा..."

"रॉस्कोला सांगू नकोस हं. जन्मात पहिल्यांदा मासा दिलाय त्याने. रोज विचारतो बिचारा. त्याला वाटू दे, बरी आहे म्हणून."

"नाही सांगत," मी म्हटलं. मग मी त्यांचे बूट घेतले आणि आम्ही गाडीकडे गेलो.