माझ्या डिकीवर पाटी टिकेना

मी एक नवीकोरी गाडी होते, मित्रांनो, आणि नवी असतानाच मला गुपचूप जुनी करून टाकलं! हसू नका. आधी ऐका, मग हसा. माझ्या बाबतीत जे झालं ते मी मुळीच गप्प बसून सोसलेलं नाही, आणि आजही कुणी विचारलं तर सगळं सांगते, नावासकट.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथे मला रंगाच्या हौदात बुडवलं, भट्टीत भाजलं, परत रंगवलं, परत भाजलं. असे चार थर! गर्द निळा रंग, आणि त्याच्या आत चांदीच्या भुकटीसारखी बारीक चमक. मग जहाज, मग बंदर, मग एका लांबलचक ट्रकच्या वरच्या मजल्यावर बसून मी ग्रिफिथ नावाच्या गावाला आले. संत्र्यांच्या बागा, द्राक्षांचे मळे, आणि विजेच्या तारांवर गुलाबी पोटाचे गालाह पोपट ओळीने बसलेले. मला वाटलं, वा, माझ्या स्वागतालाच बसलेत.

शोरूमचे मॅनेजर होते ग्रँट पेलो. पांढरा शर्ट, कानाला फोन. शुक्रवारी मी मालकिणीकडे जाणार होते, आणि बुधवारी हे महाशय मला धुवायला म्हणून मागे घेत होते. मागे घेत होते आणि फोनवर मासेमारीच्या गप्पा मारत होते! धाड! लोखंडी खांब! माझ्या डिकीच्या दाराला डाव्या बाजूला हाताच्या पंजाएवढा पोचा.

आता चूक होते, मित्रांनो. चुकीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पेलोंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला म्हणाले, "भरून टाक पुट्टी आणि मार फवारा. उद्या संध्याकाळपर्यंत चकाचक पाहिजे."

तो माणूस म्हणाला, "साहेब, असं नाही होत. पत्रा ठोकून सरळ करायला हवा. रंग जुळवायला हवा. आणि बाहेर धूळ किती आहे बघा, बेचाळीस डिग्री आहे, वारा सुटलाय."

"अरे, गिऱ्हाईक कोण आहे माहितीये का? सहासष्ट वर्षांची म्हातारी. आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नाही तिने. तिला काय कळतंय!"

झालं. भाकरीचं पीठ थापावं तशी जाडजूड पुट्टी थापली माझ्यावर. ती धड वाळलीही नव्हती तोवर वरून रंग. ओल्या रंगात धूळ बसली, आणि एक चिलट येऊन कायमचं चिकटलं. बिचारं! आम्ही दोघंही एकाच लबाडीत अडकलो.

शुक्रवारी माझ्या बॉनेटवर लाल फीत बांधली आणि माझी मालकीण आली. अस्सुंता झनाता. बुटकी, काळा पोशाख, हातात पर्स घट्ट. नवरा बेप्पी वर्षापूर्वी गेलेला. त्रेचाळीस वर्षं तो गाडी चालवायचा आणि ही डावीकडे बसायची, मांडीवर लझान्याचा, म्हणजे चीज घातलेल्या थरांच्या पास्त्याचा, गरम ट्रे धरून. बेप्पी गेल्यावर सगळे म्हणाले, आम्ही सोडू की तुला, बाजारात सोडू, चर्चमध्ये सोडू. आणि ही म्हणाली, "मला कुणी सोडायला नको. मी जाईन." बेप्पीची जुनी गाडी विकली, साठवलेलं काढलं, आणि मला घेतलं. सहासष्टाव्या वर्षी शिकाऊ परवाना! मला तर ती पाहताक्षणी आवडली.

आमच्याकडे शिकाऊ माणसाने गाडीला पुढे एक आणि मागे एक पिवळी पाटी लावायची असते. त्यावर मोठं काळं 'एल'. मागे चुंबक असतो, लावली की चिकटते. पाटी नसेल तर पोलीस दंड करतात. अस्सुंताने पुढची पाटी लावली. टक्क! चिकटली. मागची लावली, नंबरप्लेटच्या वर, डावीकडे. कारण बेप्पीच्या गाडीला तिची मुलगी ओर्नेला शिकत होती तेव्हा डावीकडेच लावायची.

ती चिकटली कशीबशी. पुट्टीला काय चुंबक चिकटणार? आम्ही बाना अॅव्हेन्यूच्या गोल चौकात वळलो आणि टप्प! पाटी रस्त्यावर. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, ओर्नेला शेजारच्या सीटवर कपाळाला हात लावून.

"मम्मा, किती जोरात वळवतेस!"

"वीसवर होते गं मी!"

"मग पाटी काय उगाच पडली?"

दुसऱ्या दिवशी परत पडली. तिसऱ्या दिवशी दुकानासमोर पडली आणि बाकावर बसलेले सगळे म्हातारे हसले. एक जण ओरडला, "अस्सुंता, गाडीच सांगतेय बघ, ही बाई माझी नव्हे म्हणून!"

खोटं! साफ खोटं! मला ओरडायचं होतं, पण मला हॉर्नशिवाय आवाज नाही, आणि तोही दुसऱ्याच्या हातात. ती हळू चालवायला लागली. मग आणखी हळू. मग एक दिवस तिने किल्ली फ्रीजवरच्या वाडग्यात टाकली आणि म्हणाली, "राहू दे. जमत नाही मला. तूच सोडत जा, ओर्नेला."

मित्रांनो, पोचा मला दुखला नव्हता. हे दुखलं. लबाडी माझ्या अंगावर होती आणि भरवसा तिचा उडत होता.

दहा दिवस मी अंगणात नुसती उभी. अकराव्या दिवशी भर दुपारी ती मला धुवायला आली, पाइप घेऊन. धुता धुता थांबली. डोळे बारीक केले. आता एक सांगायचं राहिलं. या बाईने एकतीस वर्षं संत्र्यांच्या शेडमध्ये काम केलंय. समोरून पट्टा सरकतोय, हजारो संत्री, आणि हिने नुसत्या बोटांनी आणि नजरेने सालीतली खोट हेरायची. पिवळ्यातला हिरवट डाग हिला दहा फुटांवरून दिसतो.

तिने माझ्यावर तळहात फिरवला. उजवीकडून डावीकडे. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग खरखर. बोट चिलटावर थांबलं.

"हं," ती म्हणाली. "ही साल या फळाची नाही."

मग तिने काय केलं असेल? पुढची पाटी काढून मागे लावली आणि मागची पुढे! पुढे गेलेली टक्क चिकटली. मागे आलेली टप्प पडली. तीच पाटी मागे उजवीकडे लावली, चिकटली! डावीकडे, पडली! मी मनातल्या मनात नुसती नाचत होते. पाड अजून! परत लाव! परत पाड!

तिने लगेच दोन घरं सोडून राहणाऱ्या विलियामीला हाक मारली. विलियामी टोंगा बेटांवरचा, दाराएवढा रुंद, गाड्या रंगवायचं काम करतो. त्याने बोटाच्या पेराने टकटक केलं. उजवीकडे टण टण. डावीकडे ढब ढब.

"मावशी, आत पत्रा चेपलाय. वर पुट्टी थापलीये आणि रंगही दुसराच. एका पावसाळ्यात फुगेल, दुसऱ्यात सोलून निघेल. तुम्ही ठोकली का कुठे?"

"मी? मला मागे घ्यायला अजून शिकवलंच नाही कुणी!"

विलियामी एवढा हसला की कुंपणावरचे गालाह उडाले. मग म्हणाला, "जाऊन सांगा त्यांना. दुसरी गाडी देतील. द्यायलाच लागेल."

दुसरी गाडी. ऐकून माझं इंजिनच गार पडलं. म्हणजे खरं बाहेर आलं की मी जाणार! तिच्यापासून दूर, कुठल्यातरी लिलावाच्या मैदानात. रात्रभर विचार केला, मित्रांनो. सकाळी ठरवलं, जायचं तर जाऊ. पण ही बाई वाडग्यात किल्ली टाकून बसणार नाही. मी पाटी पाडणार म्हणजे पाडणारच!

शनिवार होता. शोरूमसमोर शाळेच्या मदतीसाठी सॉसेज भाजून विकत होते, पावात कांदा घालून. गर्दी होती. अस्सुंता स्वतः चालवत आली, ओर्नेला शेजारी जीव मुठीत धरून. तिने मला बरोबर दारासमोर उभं केलं. जरा वाकडं केलं, पण केलं.

पेलो हसत आले. "काय आज्जी, आवडली का गाडी?"

"आज्जी मी माझ्या नातवांची. तुमची मी गिऱ्हाईक. हिची डिकी कुणी रंगवली?"

"कारखान्याने! उन्हात असा रंग वेगळा दिसतो हो. आपण एक पॉलिश मारून देऊ, फुकट."

"आणि पाटी का पडते?"

"तिथे आत प्लॅस्टिक असतं ना. तुम्हाला नाही कळायचं ते."

ओर्नेला पुटपुटली, "मम्मा, लोक बघताहेत. चल ना, रंगच तर आहे."

"बघू देत."

अस्सुंताने पिवळी पाटी उचलली आणि शोरूमबाहेरच्या ओळीतल्या पहिल्या गाडीकडे गेली. डिकीवर, डावीकडे. टक्क! दुसरी. टक्क! तिसरी, माझ्याच कारखान्यातली, माझ्याच रंगाची, माझी सख्खी बहीण. टक्क! पावात सॉसेज धरलेले लोक तिच्या मागे मागे यायला लागले. मग ती माझ्याजवळ आली. हात वर केला. पाटी लावली. हात सोडला.

मी पूर्ण ताकदीने सोडून दिली. टप्प!

"परत!" कुणीतरी ओरडलं. परत टप्प! आता तर लहान मुलंही मोजायला लागली.

पेलोंचा शर्ट काखेत भिजला. "आपण आत बसून बोलू या."

"आत कशाला? पाटी बाहेर पडते."

लोक खो खो हसले, पण या वेळी तिला नाही.

"बरं बरं," पेलो हळूच म्हणाले, "तुम्हाला तशीच दुसरी गाडी देतो. सोमवारी. झालं?"

मी डोळे मिटले असते, पण माझ्या दिव्यांना पापण्या नाहीत.

अस्सुंता म्हणाली, "आणि हिचं काय करणार?"

"लिलावात जाईल. तुम्ही नका काळजी करू."

"म्हणजे आणखी एका बाईच्या गळ्यात मारणार. तिला संत्र्याची साल ओळखता येत नसेल तर? ती बसेल आयुष्यभर म्हणत, मला चालवता येत नाही." तिने माझ्या छतावर हात आपटला. "ही माझी आहे. पत्र्यापर्यंत खरवडून नीट करायची. विलियामीकडून, तुमच्या खर्चाने. आणि काय झालं होतं ते कागदावर लिहायचं, खाली तुमची सही. आत्ता."

"काय लिहू?" पेलो म्हणाले.

"खरं लिहा. लांब होणार नाही फार."

त्यांनी माझ्याच बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: मी गाडी खांबावर घातली आणि ग्राहकाला सांगितलं नाही. ग्रँट पेलो. पेनचं टोक मला गुदगुल्या करत होतं!

विलियामीने मला आठवडाभर ठेवलं. बंद खोलीत, धुळीचा कणही नाही. पुट्टी खरवडली, पत्रा आतून ठोकून सरळ केला, रंग तीनदा मिसळून बघितला, आणि चौथ्यांदा जुळल्यावर लावला. चिलट निघालं तेव्हा मी त्याला मनातून निरोप दिला.

आणि मग शेवटची गंमत ऐका. अस्सुंताची परीक्षा झाली. पास झाली! आता पिवळा 'एल' काढायचा आणि नव्याने पास झालेल्यांचा लाल 'पी' लावायचा. ती माझ्या मागे आली, नखं घातली, ओढलं. पाटी निघेना! ओर्नेला आली, दोघींनी ओढलं, तरी निघेना. शेवटी विलियामीने पातळ पट्टी घालून सोडवली. अस्सुंताने लाल पाटी डावीकडेच, अगदी त्याच जागी, तळहाताने थाप मारून बसवली आणि ओर्नेलाला म्हणाली, "तू बस तिकडे. ट्रे मांडीवर घे. सांडवू नकोस."

तर मित्रांनो, मला ओरखडा पडला तर पडू दे. पोचा आला तर येऊ दे. मी रस्त्यावरची गाडी आहे, शोकेसमधली बाहुली नाही. पण माझ्या जखमेवर घाईघाईत रंग फासून मला कुणाच्या दारात उभं करू नका. आणि तुमच्याकडे एखादी गोष्ट सारखी पडत असेल, आणि सगळे म्हणत असतील की चूक तुझीच, तर गप्प बसू नका. तळहात फिरवून बघा. पाटी उचला, आणि सगळ्यांच्या समोर, भर उन्हात, परत लावून बघा.