गिरणेचं पाणी

चाळीसगावच्या बाजारात कामिनी सकाळपासून समुद्री कासवांच्या अभयारण्यासाठी सह्या मागत फिरत होती. लोकांना वाटायचं, ही काहीतरी विकायलाच आली. घसा बसला, पाय भरून आले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न ऐकून डोकं उठलं होतं : "आठे समुद्र कोठे शे, ताई?"

मेथी विकणाऱ्या बेबाबाईनेही तेच विचारलं, तेव्हा कामिनी वैतागलीच. "अक्का, तुमची गिरणा तापीला मिळते अन् तापी समुद्राला. अजून काय सांगू?"

बेबाबाईचा हात जुडीवरच थांबला.

"मना माणूसनी राख गिरणामाच सोडेल शे," ती हळूच म्हणाली. मग पदराला पुसून तिने अंगठा पुढे केला. "लाव शाई, पोरी. मंग तो तठेच शे."