कंपनी हजर आहे

कोर्टात कंपनीच्या जागी उभं राहायला माझं नाव निघालं, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी कारण दिलं की माझा आवाज मऊ आहे.

"तुम्ही आरोपी नाही हं," ते म्हणाले. "आरोपी कंपनी. पण कंपनीला पाय नाहीत, म्हणून तुमचे लागणार. पुकारा झाला की पिंजऱ्यात जायचं. गुन्हा कबूल आहे का विचारतील. कबूल नाही म्हणायचं. झालं, चहा पिऊन परत या."

मी ऑफिसात टेलिफोनवर बसते. बाहेरून आलेला फोन आधी माझ्याकडे येतो आणि कोणाचा वर जोडायचा, कोणाचा नाही, हे मला सांगून ठेवलेलं असतं. इस्त्रीवाल्या काकूंचा जोडायचा नाही, असं सांगून ठेवलं होतं.

काकूंचं इस्त्रीचं टेबल आमच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होतं. टाकीचा व्हॉल्व्ह गळाला, अ‍ॅसिडची वाफ भिंतीपलीकडे गेली, आणि काकू तिथे उभ्या होत्या. एक डोळा गेला. ऑपरेशन लवकर झालं तर दुसरा वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हापासून सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "ताई, तुमच्यातलं कोणी येणार का बघायला?" मी म्हणायची, "सांगते हं काकू." सांगायचीही. केस चालू आहे, कोणी जायचं नाही, असं वरून उत्तर यायचं.

व्हॉल्व्ह गळतोय हा निरोप त्या दिवशी सकाळीच माझ्या टेबलावरून वर गेला होता. "शिफ्ट संपल्यावर बघू" हे उत्तरही माझ्याच टेबलावरून खाली आलं. तेव्हा कबूल नाही म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

घरी सांगितलं तर ह्यांना हसू आलं. "म्हणजे मी आता कंपनीचा नवरा. नफ्यात वाटा मिळेल का?"

मी हसले नाही, तसा भाजी निवडणारा त्यांचा हात थांबला. "हे बघ, ते सांगतील तेवढंच बोल. नोकरी गेली तर आपल्याला विचारायला कोणी येणार नाही."

सकाळी पूजा होईपर्यंत मी बोलत नाही, हा रोजचा नेम. त्या दिवशी पूजा झाली तरी तोंड उघडवेना. वात सारखी केली, पुन्हा केली. देवाजवळ मागायचं तरी कोणासाठी? माझ्यासाठी, काकूंसाठी, की जिच्या वतीनं उभं राहायचं तिच्यासाठी? हात नुसते जोडून ठेवले आणि निघाले.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसवेना. पर्सची चेन उघडायची, लावायची. दुसऱ्या टोकाला काळा चष्मा लावून काकू बसल्या होत्या, शेजारी त्यांची सून. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण "अगं, पाणी आण जरा" एवढं कानावर पडलं आणि ओळखलं. मी ओळखलं तसं त्याही ओळखणार. वकीलसाहेब जवळ येऊन म्हणाले, "पाठ आहे ना? दोनच तर शब्द आहेत." मी नुसती मान हलवली.

पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी आरोपी हजर आहे का विचारलं. "कंपनी हजर आहे," वकील म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. पिंजऱ्याचा कठडा हाताला गुळगुळीत लागला.

"मॅडम, कायद्याच्या नजरेत कंपनी ही एक व्यक्ती आहे," वकिलांनी सुरुवात केली. "तिला नाव आहे, पत्ता आहे, मालमत्ता आहे. तिला अब्रूही आहे. या खटल्यामुळे बाजारात तिच्या अब्रूला धक्का बसतोय."

"अब्रू आहे तर लाजही असेल की," मागून काकू म्हणाल्या. "आमच्या गल्लीत कोणाच्या हातून असं झालं असतं तर तो दारात आला असता. निदान बायकोला तरी पाठवलं असतं."

"बाई, मध्ये बोलायचं नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. मग माझ्याकडे वळल्या. "कंपनीच्या वतीनं तुम्ही बोलणार?"

"हो," मी म्हटलं.

काकूंची मान वर झाली. "ही तर फोनवरची ताई."

"आई, गप्प बसा ना," सून कुजबुजली.

"अगं, गप्प काय?" काकूंचा आवाज एकदम सैल झाला होता. "म्हणजे कंपनी आली. आली बाई एकदाची."

शिव्या दिल्या असत्या तर मी तरले असते. न्यायाधीशबाईंनी विचारलं, कंपनीला गुन्हा कबूल आहे का. घशाशी ते दोन शब्द तयार होते. त्यातला दुसरा वर येईना.

"कबूल आहे," मी म्हटलं. "निरोप सकाळीच मिळाला होता."

वकील ताडकन उभे राहिले. "मॅडम, या बाई कंपनी नाहीत. या टेलिफोनवर बसतात."

"आत्ता तर होत्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या. मागे कोणीतरी खुदकन हसलं. त्यांनी समोरचं अधिकारपत्र उचललं. "तुम्हीच दिलंय हे. या बोलतील ते कंपनीचं बोलणं समजावं."

"कबूल करायचा अधिकार दिलेला नाही, मॅडम."

"म्हणजे नाही म्हणताना ती कंपनी, आणि हो म्हणताना टेलिफोनवाली?" त्यांनी लिहायला घेतलं. "नोंद झाली आहे. ती खोडायची असेल तर पुढच्या तारखेला कंपनीनं स्वतः येऊन सांगावं. आणि या जखमी बाईंच्या ऑपरेशनचं काय, तेही त्याच दिवशी सांगावं."

"स्वतः म्हणजे कोणी यायचं?" वकिलांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा."

पुढचा पुकारा झाला. मला कोणी खाली उतर म्हटलं नाही. आत यायला निघालेला नवा आरोपी थबकून माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा मी उतरले. वकील फोन कानाला लावून माझ्या अंगावरूनच बाहेर गेले.

व्हरांड्यात काकूंच्या बाकाशी पाय थांबले. पाया पडावं की शेजारी बसावं कळेना. बसले. त्यांनी हात चाचपत माझं मनगट धरलं. हाताला अजून इस्त्रीचे घट्टे होते.

"बारीक आहेस गं," त्या म्हणाल्या. "फोनवर धिप्पाड वाटायचीस." मग, "ऑपरेशन करतील का?"

"माहीत नाही, काकू."

"आणि उद्या मी फोन केला तर कोण उचलेल?"

पर्समध्ये काहीतरी थरथरायला लागलं. थांबलं, पुन्हा लागलं. मी हलले नाही.

"तुझाच वाजतोय," काकू म्हणाल्या. "उचल. मी आहे इथे."

मॅनेजरसाहेबांचा नंबर होता. मी उचलला. सवयीनं आधी कंपनीचंच नाव ओठांवर आलं. ते गिळलं, आणि म्हटलं, "बोला साहेब."