बिनकानाची पट्टी

“मुकादम, या!” अशी हाक आली की ती हातातलं काम टाकून मागच्या खोलीत जायची. मुकादम म्हणजे तीच. नवऱ्यानं ठेवलेलं नाव. सगळा जन्म पाट्या रंगवण्यात गेलेल्या त्या माणसाला म्हातारपणी तेवढी एकच मुकादम उरली होती.

दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, ‘येथे वाहने लावू नयेत’. त्याचा हात असा, की अक्षरं भिंतीत आधीपासून होतीच, यानं नुसती धूळ झटकली, असं वाटावं. मग पाट्या यंत्रावर छापून यायला लागल्या, आणि त्याच सुमारास हाताला कंप सुटला. वर्षभर तो खिडकीशी बसून आपल्या बोटांकडे बघत राहिला. न सांगता आलेल्या पाहुण्यांकडे बघावं, तसा.

एक दिवस त्यानं प्लायवूडचा तुकडा मांडीवर घेतला, त्यावर कागदी चिकटपट्टी लावली आणि पट्टीच्या अंगावरून रंग फासला. थरथरू दे हात. पट्टी निघाली की खालची रेघ सरळ ती सरळच. तेव्हापासून घरात त्रिकोण आले, चौकोन आले, एकमेकांत पाय अडकवून बसलेल्या पायऱ्या आल्या. एक चित्र ओट्याच्या वर लागलं, एक पलंगासमोर, एक चक्क न्हाणीच्या दारावर.

“अहो, गोल का नाही काढत एखादा?” ती विचारायची.

“पट्टी वळत नाही.”

“आणि माणूस? एकाही चित्रात माणूस नाही.”

“माणूस समोर उभा राहून बघतो की. आत अजून कशाला?”

पट्टी लावणं त्याला जमायचं. कोपर टेकवायचं, अंगठ्यानं दाबत दाबत न्यायचं. एका रेघेला अर्धा तास गेला तरी कुणाला घाई नव्हती. पण ओढणं जमायचं नाही. ओढताना एक हिसका बसला की रंग फाटलाच. म्हणून ते काम तिचं. रंग ओलाही नको आणि सुकाही नको. बोटाच्या पाठीला जराशी ओढ देतो, पण डाग देत नाही, ती वेळ तिला बरोबर कळायची. स्वयंपाकघरात उभ्या जन्मात जे शिकली, ते असं कामाला आलं. पट्टी उलटी दुमडून, अगदी फळीलगत, श्वास धरून ओढायची. ओढताना ओठातल्या ओठात गुणगुणायची,

*ओढते बाई पट्टी, श्वास धरते उरात,*
*रेघ राहू दे शाबूत माझ्या धन्याच्या घरात.*

“गाणं नको,” तो म्हणायचा, “श्वास सुटेल.” आणि कान देऊन ऐकायचा.

तिची नखं कापलेली असत, म्हणून तो प्रत्येक पट्टीचं टोक जरासं दुमडून ठेवायचा. धरायला सोपं जावं म्हणून. त्याला दोघं ‘कान’ म्हणत. पट्टी लावून झाली, की शेवटचं काम कान दुमडणं.

एक खोड मात्र होती. हाक मारायचा, ती धावत यायची, आणि हा म्हणायचा, “थांब गं, अजून एक लावतो.” मग ती दारात उभी. दहा मिनिटं, वीस मिनिटं. “मला बोलावून खांबासारखं उभं करता,” ती चिडायची. “तुमची एक पट्टी आणि माझा एक जन्म.”

म्हणून त्या दुपारी हाक आली तेव्हा ती म्हणाली, “आले, आले.” आणि गेली नाही. दूध तापत होतं. राहू दे जरा, तिनं म्हटलं, आज त्यांना वाट बघू दे. दूध उतरवलं, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. मग गेली.

तो खुर्चीत बसलेलाच होता. मान छातीवर, हातात पट्टीचं भेंडोळं.

चित्राकडे तिनं पाहिलंही नाही. माणसं आली, गेली. तिनं त्यावर जुनी चादर टाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

ते चित्र लेकीसाठी होतं. लेकीनं नवीन घर घेतलं होतं, आणि दारासमोरच्या भिंतीचं माप सुतळीला दोन गाठी मारून पाठवलं होतं. सुतळी अजून खोलीतल्या खिळ्याला लटकत होती. तिकडे लेकीच्या भिंतीवरही खिळा ठोकलेला होता, रिकामा.

महिन्याभरानं लेकीचा फोन आला. “आई, बाबांचं चित्र?”

“वाळू दे जरा.”

दुसऱ्या महिन्यात पुन्हा. “वाळलं?”

“वाळतंय.”

गल्लीतला सुतार, प्लायवूडचे तुकडे आणून देणारा आणि चौकटी ठोकणारा, एकदा चादर उचलून बघून गेला. “वहिनी, पट्ट्या काढा. जितक्या राहतील तितक्या चिकटतील. मग रंग सोबत घेऊनच उठतील.”

“काढते, भाऊजी.”

“काढते काढते म्हणून कसं चालेल? मी काढून देऊ?”

“नको!” ती इतक्या जोरात म्हणाली, की बिचारा चौकटीचं माप न घेताच गेला.

त्या पट्ट्यांखाली काय आहे हे तिला माहीत होतं. तिथे तिची वाट बघणारा तो होता. सगळं करून, सगळे कान दुमडून, हात मांडीवर ठेवून दाराकडे बघणारा. पट्टी ओढायची म्हणजे त्या हाकेला आता, तीन महिन्यांनी, ओ द्यायची. आणि हे कुणाला सांगायचं? हाक तिनं एकटीनंच ऐकली होती.

शेवटी लेक स्वतःच आली. पिशवीत केस वाळवायचं यंत्र.

“हे कशाला गं?”

“सुतारकाकांनी सांगितलं. गरम हवेनं पट्टीचा गोंद सैल पडतो. कडेनं ब्लेड फिरवायचं आणि मग ओढायचं.” लेकीनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. “आई, तुझ्या जावयानं त्या खिळ्यावर टोपी अडकवलीय. लोक येतात, विचारतात, छान आहे, कुणाची कलाकृती? आता मला हसूही येत नाही.”

आईला हसू आलं, आणि हसताहसताच तोंड वाकडं झालं.

“त्यांनी हाक मारली होती गं,” ती म्हणाली.

“कुणी?”

“मुकादम या, म्हणाले. मी आले म्हटलं, आणि दूध उतरवत बसले. ओटा पुसला. फडकंसुद्धा धुतलं मी! ते इथे वाट बघत बसले असतील, आणि मी फडकं धूत होते.”

लेकीनं यंत्राची वायर गुंडाळली, पुन्हा उलगडली. मग चादरीचं एक टोक आईच्या हातात दिलं, एक स्वतः धरलं.

चित्र उघडं पडलं. निळ्या-राखाडी उतरत्या पायऱ्या, एका बाजूला गेरूचा उंच त्रिकोण. पट्ट्यांवर रंगाची सालं कडक झालेली. लेक हवा देऊ लागली, आई ब्लेड फिरवू लागली. पहिला कान धरला. श्वास धरला. पट्टी कुरकुरत आली; एका जागी रंगाची नखाएवढी कपची सोबत उठली आणि खालचं लाकूड दिसलं.

“राहू दे,” लेक म्हणाली.

“राहू दे कसं? त्यांच्या रेघेला खोंब पडला. माझ्या हातून.”

“पुढची ओढ, आई.”

दुसरी नीट आली. तिसरी, चौथी. कान, श्वास, ओढ. कान, श्वास, ओढ. अकरा पट्ट्या निघाल्या. बारावी डाव्या कोपऱ्यात खाली होती, आणि तिला कान नव्हता.

ती टोक शोधत राहिली. टोक होतं, पण सपाट, नुसतं फाडलेलं. आजूबाजूला रंगही नव्हता, पांढरं अस्तर तेवढं. कोऱ्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली एकटी पट्टी.

“अगं,” ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. त्याच खुर्चीवर. “ही नंतरची. मला हाक मारली, आणि मग ही लावायला घेतली. भेंडोळं हातातच होतं ना!”

“म्हणजे?”

“म्हणजे वाट नव्हते बघत. अजून एक लावत होते.” तिनं कपाळावर हात मारला. “त्या दिवशी आले असते तरी उभंच केलं असतं मला!”

दोघी हसल्या. खरंच हसल्या, अगदी यंत्र बंद करायचं विसरून. मग आईचं हसू आधी थांबलं.

“उभी तरी असते,” ती म्हणाली. “दारात उभी असते ना मी.”

लेकीनं यंत्र बंद केलं.

त्या शेवटच्या पट्टीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “ही ओढायची?”

“ओढून काय उरेल? रंग कुठे भरलाय. पट्टी गेली की रेघही गेली.”

“मग दोन्ही बाजूंनी आपण भरू?”

“कुठला भरशील? तो रंग त्यांच्या डोक्यात होता.” आईनं पट्टीवरून अंगठा फिरवला. तिथे, अगदी तिथे, त्याचा अंगठा थांबला होता. “राहू दे ही. लावलेली त्यांनी, माझ्या हातून नको निघायला.”

चित्र लेकीच्या भिंतीवर लागलं, दारासमोर, सुतळीच्या मापात बरोबर. जावयाची टोपी दुसरीकडे गेली. येणारे जाणारे म्हणतात, “छान आहे, पण पट्टी काढायची राहिली वाटतं.” लेक म्हणते, “हो, राहिली.”

आई महिन्या-दोन महिन्यांनी येते. चपला काढते, पाणीही न पिता आधी चित्रापाशी जाते. कागदी पट्टी ती, किती दिवस धरणार? पहिल्या वर्षी टोक जरा उचललं, दुसऱ्या वर्षी बोटभर सुटलं. आई अंगठ्यानं दाबते. दाबते तोवर बसते, सोडली की उठते.

“गोंद लावू का थोडा?” लेक विचारते.

“गोंद नको. तो त्यांचा नाही.”

परवा आली तेव्हा अर्धी पट्टी दारातून येणाऱ्या वाऱ्यावर हलत होती. तिनं अंगठा ठेवला आणि तशीच उभी राहिली. आतून लेकीची हाक आली.

“आई, चहा निवतोय. ये ना.”

“आले, आले,” ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.